बागेभोवतीची तार

मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, आणि सर चौथीच्या गणिताच्या वह्या पुढे ओढून बसले. काही वह्या झाल्यावर एका वहीत त्यांचा हात थांबला. उदाहरण साधं होतं. एका आयताकृती बागेभोवती तारेचं कुंपण घालायचं आहे, बाग पंधरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, तर तार किती लागेल. उत्तराच्या आधी, आपण ते कसं काढलं हे मुलांनी चार ओळींत लिहायचं होतं. या वहीत लिहिलं होतं: ‘तुम्ही तिथे नव्हता, म्हणून सांगते. मी दारापाशी उभी राहिले. मग भिंतीला हात लावून चालले. भिंत एका जागी गार होती, एका जागी ऊन खाऊन गरम झाली होती. चार कोपरे संपले तेव्हा मी परत दारापाशी आले. आता तुम्हीच सांगा, मी किती चालले?’ वाचता वाचता सरांनी सवयीने खाली बरोबरची खूण केली, पान उलटलं, आणि उलटलेलं पान परत मागे घेतलं. वही कोणाची ते त्यांनी वरचं नाव बघून नक्की केलं. ती नवी मुलगी. बसते खिडकीच्या रांगेत, सदा सर्दी झालेली, उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीनंतर शाळेत आलेली. आणि बाई गेल्या त्या सुट्टीच्या आधी. या मुलीने बाईंना पाहिलंसुद्धा नव्हतं.

बाई म्हणजे सरांची बायको. दोघं याच शाळेत नोकरीला लागले, इथेच ओळख झाली, लग्नही अशाच एका सुट्टीत उरकलं, आणि शाळेत एकमेकांना सर आणि बाई म्हणण्याची इतकी सवय झाली की घरीसुद्धा कधीतरी स्वयंपाकघरातून हाक यायची, सर, दूध उतू जातंय, आणि मग दोघंही हसायचे. ती भाषा शिकवायची. पण भाषेच्या तासाला शिकवून मुलांना लिहिता येत नाही असं तिचं ठाम मत होतं. त्या तासाला मुलांकडे सांगायला काही नसतं, म्हणायची. माझा आवडता प्राणी लिहा म्हटलं की चाळीस वह्यांत एकच कुत्रा शेपूट हलवत फिरतो. सांगण्यासारखं असतं ते दुसऱ्यांच्या तासांना. म्हणून ती दुसऱ्यांचे तास मागून घ्यायची. विज्ञानाच्या तासाला पाण्यात मीठ टाकलं की मुलांनी लिहायचं, मीठ शेवटचं कधी दिसलं. चित्रकलेच्या तासाला आधी लिहायचं, चित्रात काय काढणार नाही आणि का. व्यायामाच्या सरांनी तर शिक्षकांच्या खोलीत तक्रारच केली होती की पोरं धावायची बंद झाली, धावून काय वाटलं ते लिहीत बसतात, उद्या माझ्या शिटीवर निबंध येईल. आलाच. तिने तो त्यांना वाचून दाखवला, आणि पुढे कितीतरी दिवस ते शिटी जरा जपून वाजवत होते.

सरांनी मात्र आपला तास तिला सुखासुखी दिला नाही. गणितात शब्द कशाला, असं त्यांचं म्हणणं. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच तर हा विषय त्यांना आवडत आला होता. यावरून घरी जेवताना वाद व्हायचे. ती म्हणायची, तुमची सोय आहे, खूण केली की हात झटकून मोकळे. पोर चुकलं ते कुठून चालत गेलं म्हणून चुकलं, हे तुम्हाला बघावंसंच वाटत नाही. ते म्हणायचे, बघून काय करायचंय, परत येऊ दे म्हणजे झालं. शेवटी आठवड्यातला एक तास त्यांनी तिला दिला आणि स्वतः मागच्या बाकावर बसून राहिले. मुलांना ती एकच गोष्ट सांगायची, की जो तिथे नव्हता त्याच्यासाठी लिहा. तो आंधळा नाही, खुळा नाही, फक्त तिथे नव्हता. सरांना ते ऐकून मनातल्या मनात हसू यायचं, कारण हे काही शाळेसाठी शोधून काढलेलं नव्हतं. ती होतीच तशी. बाजारातून आली, दवाखान्यातून आली, नुसती जिना उतरून वर आली तरी पिशवी ठेवायच्या आत सुरू व्हायची: तुम्ही नव्हता ना तिथे, म्हणून सांगते. मग बसमध्ये दोन बायकांचं भांडण झालेलं असलं तर खिडकीची काच कशी होती, कोणाच्या मांडीवर काय होतं, सगळं यायचं. सर म्हणायचे, मुद्द्यावर ये. ती म्हणायची, मुद्दा शेवटच्या थांब्यावर आहे, आपण आत्ता कुठे बसमध्ये चढलोय.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारी सर तिथे नव्हते. हे एवढंच होतं, यात कोणाचा दोष नव्हता. नर्सने एक चिठ्ठी दिली, खालच्या दुकानातून औषध आणायला सांगितलं, ते खाली गेले. रांग होती. पुढचा माणूस गोळ्यांचा रंग बदललाय म्हणून दुकानदाराशी वाद घालत होता, आणि दुकानदार त्याला न कंटाळता समजावत होता. सर वर आले तेव्हा पडदा ओढलेला होता. नर्स म्हणाली, शांतपणे गेल्या. सरांनी विचारलं, म्हणजे कसं. ती पुन्हा म्हणाली, शांतपणे गेल्या. तिची चूक नव्हती, तिला पुढच्या खाटेकडे जायचं होतं. पण हातात औषधाची बाटली घेऊन तिथे उभं असताना सरांच्या मनात एक विचित्र गोष्ट आली, आणि ती आल्यावर त्यांना जरा धीरसुद्धा आला. त्यांना वाटलं, नर्सला काय विचारायचं, संध्याकाळी ही स्वतःच सांगेल. खोलीत उजेड कसा होता, पंखा चालू होता की बंद, कोण आलं, आधी काय झालं आणि मग काय झालं. पिशवी ठेवायच्या आत सुरू करेल. पुढे सगळं रीतसर पार पडलं, त्यांची मुलगी आली, राहिली, आपल्या गावी परत गेली, पण ती वाट बघणं काही सरांच्या आतून गेलं नाही. जिन्यात पावलं वाजली की ते बोलणं थांबवायचे. पावलं वरच्या मजल्यावर जायची.

सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, चौथीचा वर्ग त्यांच्याकडे दिला. तिसरीत तो बाईंचा वर्ग होता. मोठ्या बाई म्हणाल्या, जमेल ना हो, नाहीतर बदलून देते. सर म्हणाले, जमेल. पहिले काही दिवस त्यांनी आपल्या पद्धतीने नुसती उदाहरणं घातली आणि नुसत्या खुणा केल्या. मग एक दिवस एका मुलाने कोणी न सांगता भागाकाराच्या खाली लिहिलं, ‘तुम्ही नव्हता म्हणून सांगतो, बाकी शून्य आली तेव्हा मला बरं वाटलं, कारण कोणीच उरलं नाही.’ हा मुलगा कुठल्याही गोष्टीवर बाजू मांडायला उभा राहायचा, त्यामुळे त्याला सगळे वकील म्हणत. सरांनी ते वाक्य वाचलं आणि त्यांना ते तिच्या आवाजात ऐकू आलं. आठवलं नव्हे, ऐकू आलं. वाक्य सुरू करण्याआधी ती घसा जरासा साफ करायची, तोसुद्धा. त्यांनी मोठी, ठळक खूण केली. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, आजपासून उत्तराच्या वर चार ओळी लिहायच्या, बाईंच्या तासाला लिहायचात तशा.

वर्ग लिहायला लागला आणि सरांचे दिवस बदलले. रोज एक उदाहरण, रोज चार ओळी. भूगोलही त्यांच्याकडेच होता, तिथेही लिहिणं सुरू झालं, नकाशा काढायचा आणि खाली लिहायचं, नदीच्या कडेने चालताना काय दिसलं. मोठ्या बाई खूश झाल्या, म्हणाल्या, बाईंचं काम तुम्ही पुढे नेताय. वह्यांची पिशवी सर घरी न्यायचे आणि दिवे लागायच्या वेळी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसून वाचायचे. आधी मनात, मग पुटपुटत, मग सरळ मोठ्याने. ओट्यावर चहाचं भांडं, पलीकडे खिडकी, आणि मधे तिचा आवाज, वेगवेगळ्या अक्षरांत. काही वह्यांत नसायचा, त्या ते चटकन संपवायचे. काही वह्यांत एखाद्याच शब्दात असायचा. एकदा वाचता वाचता त्यांनी मधेच हं म्हटलं, ती बोलत असताना म्हणायचे तसं, आणि मग बराच वेळ पुढचं वाक्य वाचायचं धाडस झालं नाही. शेजारच्या वहिनी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, त्यांनी सहज विचारलं, भावोजी, पाहुणे आलेत का, बोलण्याचा आवाज येत होता. सर म्हणाले, रेडिओ. मुलीचा रोज फोन यायचा, बाबा जेवलात का. ते हो म्हणायचे. वह्यांबद्दल तिला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं की त्यांना वाटतं, यातल्याच कुठल्यातरी वहीत एक दिवस त्या दुपारचं येईल. मीठ किंवा नदी किंवा अपूर्णांक सांगता सांगता मधेच येईल. पंखा चालू होता की बंद.

आणि वह्या सुधारत चालल्या होत्या. सुरुवातीला कुठेकुठे असणारा आवाज हळूहळू जवळजवळ सगळ्या वह्यांतून यायला लागला होता. ज्यांच्यात कधी नव्हता त्यांच्यातही. सरांना याचं नवल वाटलं नाही. एखादी खोली रोज थोडी थोडी उजळत जावी आणि आपण त्याचं कारण विचारू नये, तसं त्यांनी ते घेतलं होतं. आज या नव्या मुलीच्या वहीपाशी मात्र त्यांना थांबावं लागलं. भिंतीला हात लावून चालणं. ते बाईंनी खरंच या वर्गाला एकदा करायला लावलं होतं, तिसरीत, सर मागच्या बाकावर होते. मुलं एकामागे एक हात घासत गेली होती आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीचा एक मळकट पट्टा उमटला होता. शाळेने तो नंतर रंगवून टाकला. या मुलीला ते कुठून माहीत? सर उठून खिडकीशी गेले. खाली अंगणात मुलं ओरडत होती, आणि ती नवी मुलगी पायरीवर बसून डबा खात होती, नाक पुसत, पुन्हा खात. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. आयुष्यभर त्यांनी आकडे शिकवले होते. पण खिडकीशी उभं असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. आपल्याला आशा वाटतेय, आणि ती भीतीपेक्षा वाईट आहे.

त्यांनी तिला वर बोलावलं. ती डबा तसाच टाकून आली, तिच्या मागोमाग अर्धा पाव हातात घेऊन वकीलही आला, कारण ती त्याच्या बाकावर बसायची आणि तिची बाजू मांडायची गरज पडेल असं त्याला वाटलं असावं. सरांनी वही तिच्यापुढे केली आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं की ही भिंत कुठली.

“कुठलीच नाही सर.”

“मग गार लागली ती?”

“ते लिहायचं असतं.”

कोणी सांगितलं, म्हणून विचारल्यावर तिने वकिलाकडे बघितलं. वकिलाने तोंडातला घास आधी गिळला.

“सर, ती नवीन आहे ना, म्हणून आम्ही शिकवलं तिला. आधी तुम्ही तिथे नव्हता असं लिहायचं. मग हाताला नाहीतर पायाला काय लागलं ते. ऊन, पाणी, भिंत, काहीपण. मग शेवटी एक प्रश्न. की खूण मिळते.”

त्याला वाटलं असावं की मुद्दा अजून पटलेला नाही. तो म्हणाला, सगळ्यांनाच माहितीये सर, दुसऱ्या तुकडीलापण. आणि थोडं थांबून म्हणाला, “तसं लिहिलं ना, की तुम्ही दिवसभर खिडकीकडे बघत नाही.”

सरांनी त्या मुलीला विचारलं, आणि गणित? ती गोंधळली. म्हणाली, कुठलं गणित? तेव्हा सरांनी प्रथमच त्या चार ओळींच्या खाली बघितलं. तिथे, त्यांच्या स्वतःच्या लाल खुणेच्या शेजारी, तिने लांबीला रुंदीने गुणलं होतं आणि लिहिलं होतं, दीडशे मीटर तार. पन्नास हवी होती. शाळेतलं एकही पोर ज्यांच्या तासाला चुकीच्या उत्तरावर खूण मिळवू शकलं नव्हतं, त्यांनी दीडशे मीटरवर खूण केली होती. ठळक.

मुलांना त्यांनी खाली पाठवलं. मग तिच्या वहीची मागची पानं उलटली. मागच्या आठवड्यातली पेटी, तीही गुणलेली. त्याच्या आधीचं शेत, तेही. खोली, पटांगण, पतंगाचा कागद. जिथे जिथे कडेने जायचं होतं तिथे तिथे ही मुलगी चुकली होती, पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी, आणि दर वेळी वरती चार सुंदर ओळी होत्या आणि खाली बरोबरची खूण. त्यांनी बाकीच्या वह्या ओढल्या. तिथेही होतं, कमी, पण होतं. इतके महिने सर वाचत होते म्हणावं तर त्यांनी एकही वही वाचलेली नव्हती. ते कान लावून बसले होते. एक वर्ग भरून मुलं, नऊ नऊ वर्षांची, त्यांच्या तोंडाकडे बघून बघून एका मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलायला शिकली होती, अर्धी खुणेसाठी आणि अर्धी दयेने, आणि त्या बोलण्याच्या मागे एक मुलगी हळूहळू बुडत चालली होती आणि कोणाला दिसत नव्हती. घंटा झाली. मुलं आत आली. सरांनी भूगोलाचं पुस्तक काढलं आणि तो तास त्यांनी नुसता वाचून काढला.

त्या संध्याकाळी वह्या शाळेतच राहिल्या. घर इतकं गप्प होतं की फ्रिज सुरू झाला तरी सर दचकले. त्यांनी एकेक वाक्य आठवून बघितलं आणि प्रत्येकाला विचारलं, तू तिचं की बनवलेलं. कोणालाच सांगता येईना. वकिलाचं ते पहिलं, कोणीच उरलं नाही म्हणून बरं वाटलं, ते तरी? तेही आता हातात धरवेना. मुलीचा फोन आला, बाबा जेवलात का, आणि सरांनी हो म्हणायच्या ऐवजी सगळं सांगितलं. वह्या, मोठ्याने वाचणं, रेडिओ, दीडशे मीटर. ती आधी हसली, पावाचा घास गिळून बोलणाऱ्या वकिलापाशी, मग नाक ओढल्याचा आवाज आला. सरांनी विचारलं, आता काय करू. ती म्हणाली, “करायचं काय बाबा, त्या पोरीला शिकवा. येत नाहीये तिला.” सर म्हणाले, ते मी करीनच. पण मग ते सगळे थांबवतील. एकदा सांगितलं की असं लिहू नका, की उद्यापासून कोणी लिहिणार नाही. मग ती म्हणाली, हो, थांबवतील. आणि जरा वेळाने, उगाच, अंडं तरी उकडून घ्या, उपाशी झोपू नका.

सरांनी अंडं उकडत ठेवलं आणि पाण्यातले बुडबुडे बघत उभे राहिले. आता त्यांना नीट दिसत होतं की प्रश्न किती सोपा आहे. वह्यांतली ती खोटी होती, पण ती होती. उद्या दहाच्या तासाला ती त्यांनीच बंद करायची होती, स्वतःच्या तोंडाने, वर्गासमोर. न करून चालेल का, याचाही त्यांनी विचार केला, आणि लाजत लाजत का होईना, शेवटपर्यंत केला. नव्या मुलीला वेगळं बसवून शिकवता येईल, बाकीच्यांचं आहे तसं राहू देता येईल. कोणाला कळणार नाही. मुलांची हरकत नव्हती, मोठ्या बाई खूश होत्या, वर्ष संपत आलं होतं. बुडबुडे मोठे झाले, अंडं भांड्याच्या तळाशी खडखडायला लागलं. ते फुटेपर्यंत सरांना गॅस बंद करायचं सुचलं नाही.

सकाळी वर्गात त्यांनी सांगितलं की आजपासून मी खुणा करणार नाही. तुम्ही तिथे नव्हता हे लिहायचं नाही, हाताला काय लागलं ते लागलं असेल तरच लिहायचं, प्रश्न पडला असेल तर विचारायचा. वर्गात कुजबुज झाली. वकील उभा राहिला आणि त्याने विचारलं की मग बरोबर आहे ते कळणार कसं. सर म्हणाले, मी वाचेन. आत्तापर्यंत वाचत नव्हतो. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, पण कोणी हसलं नाही. मग सरांनी काल चुकीच्या उत्तरांवर खुणा केलेल्या वह्या परत दिल्या आणि म्हणाले, या माझ्या चुका आहेत, पण तुम्ही मला एवढंच लिहून द्या की उत्तर काढताना डोक्यात काय होतं. ते नव्या मुलीच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. तिने पेन्सिल टेकवली आणि सवयीने तुम्ही हा शब्द लिहिला. सर म्हणाले, ते नको. तिने तो खोडला. कागद थोडा फाटला. ती म्हणाली, मग सुरुवात कुठून करू? सर म्हणाले, तुला जिथे कळेनासं होतं तिथून कर. ती पेन्सिल चावत राहिली. पुढच्या रांगेतली मुलं लिहून मोकळी झाली, कोणी फळ्याकडे, कोणी छताकडे बघायला लागली, आणि सरांचे पाय दुखायला लागले तरी ते हलले नाहीत. मग तिने लिहिलं, एकेक शब्द दाबून:

‘बागेत मी आत खेळते. म्हणून मी आतली सगळी जागा मोजली. बाहेरून कशाला मोजायची. बाहेरून कोण जातं. तिथे काय नसतं.’

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. जुन्या सवयीने कान टवकारले गेले होते, ते त्यांना थांबवता आलं नाही, पण ऐकू कोणीच आलं नाही. ना घसा साफ करणं, ना काही. सर्दी झालेल्या एका मुलीचा जरा चिडलेला आवाज होता, बस. छातीत काहीतरी खाली बसलं, जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तसं. ती गेली होती. दवाखान्यात पडद्यापलीकडे गेली ते जाणं सर तिथे नसताना झालं होतं. हे झालं तेव्हा ते तिथे होते, पेन्सिल चालत होती, उजेड खिडकीतून तिरपा येत होता, पंखा बंद होता. मुलगी वर बघत होती. म्हणाली, चुकलं? सर म्हणाले, नाही. हे मला माहीतच नव्हतं. तू आत असतेस, म्हणून आतलं मोजलंस. ती म्हणाली, हो मग.

त्यांनी व्यायामाच्या सरांकडून सुतळीचा मोठा गुंडा मागून आणला. सगळा वर्ग खाली अंगणात आला. शाळेची इमारत चौकोनी होती, तिच्या मागच्या बाजूला भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी होती, तिथे कोणी जात नसे. सरांनी सुतळीचं टोक मुलीच्या हातात दिलं, गुंडा स्वतःकडे ठेवला आणि सांगितलं, भिंतीच्या बाहेरून फिरून दुसऱ्या बाजूने माझ्यापाशी ये. वकिलाला बरोबर जायचं होतं, वाट दाखवायला. सर म्हणाले, नको, तिला एकटीला जाऊ दे, वाट तिलाच काढायचीय. ती निघाली. पहिला कोपरा येईपर्यंत दिसत होती, मग वळली आणि दिसेनाशी झाली. सरांच्या हातात गुंडा फिरत राहिला, धक्के देत, मग हळू, मग एकसारखा. मुलं मोजत होती, कोणी पावलांचा अंदाज बांधत होतं. गुंडा थांबला. सरांनी सुतळी जराशी ओढून बघितली, पलीकडे कोणीतरी होतं, ताण लागत होता. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, जिथे नुसती भिंत होती आणि भिंतीतून निघाल्यासारखी एक सुतळी.

मग इमारतीच्या मागून आवाज आला. “सर, इथे एक नळ आहे. आणि एक चप्पल आहे. एकच.”

सरांनी हाताचा आडोसा तोंडापाशी धरला आणि ओरडून विचारलं, “कोणाची?”

“मला काय माहीत,” मुलगी पलीकडून म्हणाली. “थांबा ना सर, अजून कोपरा यायचाय.”

सर थांबले. हातातला गुंडा पुन्हा फिरायला लागला.